वाऱ्याच्या पिल्लाचा आवाज आणि इतर मालमत्ता

"जरा गप्प बस गं, मला ती ऐकू येत नाही."

हे वाक्य बाबांनी मला मी नऊ वर्षांची असताना म्हटलं. ते कानांवर हेडफोन लावून चित्रं काढत होते आणि मी त्यांना शाळेतलं काहीतरी सांगत होते. त्यांना जी ऐकू येत नव्हती ती मीच होते, सहा वर्षांची असतानाची, टेपवरची. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं आहे. पण माझ्याकडची जी एकच वस्तू लोकांना हवी आहे, तिची हकीकत या वाक्यापासून सुरू होते. म्हणून ते वर राहू द्यावं.

तर मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टर तसं म्हणत नाहीत आणि पुढच्या आठवड्यात ते ती उघडून बघणार आहेत. मला कुणी भरीस घातलेलं नाही. उलट धाकट्या भावाने "असलं अभद्र लिहायचं नाही, ताई" म्हणून माझे कोरे कागद लपवून ठेवले होते. ते भावजयीने शोधून आणून दिले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे अमलात आणण्याची जबाबदारी मी वकीलबाईंवर सोपवते.

कलम पहिलं. राहतं घर

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकटीच्या नावावर. हे घर माझ्या पश्चात धाकट्या भावाचं. मात्र आईला तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला कुणी हलवू नये. भाऊ प्रेमाने नेईल हे मला माहीत आहे. पण आईचं म्हणणं असं की, "लेकाच्या घरी चार दिवस मी पाहुणी, पाचव्या दिवशी अडगळ." ती इथेच बरी.

पुढच्या खोलीत भिंतीतलं एक खोल कपाट आहे. ते तोडू नये. बाबांच्या चित्रपटातला सगळा आवाज त्या कपाटात टेप केलेला आहे. आतून रजया टांगायच्या, वर खिळ्याला मायक्रोफोन अडकवायचा, मला स्टुलावर उभं करायचं आणि दार लावून घ्यायचं. स्टुडिओ भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. आत अंधार असे आणि डांबरगोळ्यांचा वास. बाबा बाहेरून सांगत, "आता तू वारा आहेस. लहान वारा. हरवलेला." मग मी बोलायची.

बाबांचा चित्रपट एवढाच होता. वाऱ्याचं एक पिल्लू आपल्या आईपासून, मोठ्या वाऱ्यापासून चुकतं आणि गावभर तिला शोधत फिरतं. वारा दिसत नाही. म्हणून पिल्लूही सबंध चित्रपटात एकदाही दिसत नाही. दिसतात ते हलणारे पडदे, दोरीवरचे कपडे, पुस्तकाचं उलटणारं पान, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरची बट. बाकी फक्त आवाज. बाबांनी ते सगळं हाताने काढलं. एका सेकंदाच्या पडद्यासाठी बारा चित्रं, आणि पडद्याला घड्या किती असतात ते कधी मोजून बघा.

कलम दुसरं. बँकेतल्या ठेवी

आईचं औषधपाणी आणि तिच्या सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार आधी. उरेल ते माझ्या शाळेला द्यावं. अट एवढीच, की त्यातून वर्गांच्या खिडक्यांना पातळ सुती पडदे करावेत. जाड नकोत.

याला कारण आहे. मी त्या शाळेत लागले तेव्हा चित्रपट गाजायला लागला होता. मुलांना तो दाखवावा असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं आणि मी मनात म्हटलं, या मुलांना काय कळणार, आवाजच तर आहे सगळा. दिवे गेले, चित्रपट सुरू झाला आणि मुलं एकटक बघत राहिली. संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मला हातांनी सांगितलं, "कपडे कुणाला तरी शोधतायत." त्या दिवशी मी शाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. तोवर बाहेर जो भेटेल तो मला म्हणे, "एकदा त्या आवाजात बोला ना हो." मी बोलायची, आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. त्या मुलीला माझा आवाज माहीत नव्हता. तिने बाबांचं काम पाहिलं.

कलम तिसरं. हत्यारं आणि सामान

बाबांचं चित्रं काढायचं टेबल, ज्याच्या काचेखाली दिवा आहे, ते भाचीला. ती त्यावर अभ्यास करते आणि दिवा लावला की हातांना ऊब लागते म्हणते. तिला त्यावर चित्रंच काढायला लावू नये.

टेबलफॅन आईकडेच राहू दे. तोच खरा नट. आई धुणं वाळत घालायची आणि बाबा तिच्यासमोर हा पंखा लावून बसायचे. "पुन्हा एकदा झटक. चादर झटक. आता नुसतीच धरून उभी राहा." आई म्हणायची, "अहो, कपडे वाळले केव्हाच. आता काय मला वाळवताय?"

पेन्सिलींचे बुटके तुकडे, खोडरबर, आणि टेबलाला जोडलेली ती दोन खुंट्यांची पट्टी, जिच्यात कागद एकावर एक नेमके बसायचे, हे सगळं रंगमावशीला. ती आमची नात्यातली कुणी नाही. बाबांनी काढलेली चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर उतरवून मागच्या बाजूने रंगवायची, हे तिचं काम होतं. नवे पत्रे घ्यायला पैसे नसत, म्हणून एक प्रसंग कॅमेऱ्याखालून गेला की ती ते पत्रे धुऊन पुढच्या प्रसंगाला वापरायची. आता जगभरातून लोक विचारतात, एखादा तरी मूळ पत्रा मिळेल का. परवाच ती मला म्हणाली, "सगळे धुतले गं मी. आणि किती स्वच्छ धुतले. साहेब शाबासकी द्यायचे." मग बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असं वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून तिला साक्षीदार केलेलं नाही. तिने रुसू नये.

धाकट्या भावाला पाळण्याच्या प्रसंगाची पेन्सिलचित्रं. तेवढा एक गठ्ठा उरला आहे. त्यात पिल्लू एका पाळण्याशी थांबतं, वरचं कापड हलतं आणि खालून एक पाऊल बाहेर येतं. ते पाऊल बाबांनी त्याच्या पायावरून काढलं. गठ्ठा डाव्या हातात घट्ट धरून उजव्या अंगठ्याने पानं सोडायची, म्हणजे पाय हलतो. मला जमतं. त्याला जमेपर्यंत त्याने कुणाला दाखवू नये, कोपरे मळतात.

कलम चौथं. एक जुना हिशोब

ज्या समीक्षकांनी तेव्हा छापलं होतं, "दोन तास वाळत घातलेले कपडे पाहण्याची हौस असेल त्यांनी जरूर जावे", आणि ज्यांनी पुढे वीसेक वर्षांनी "मी हे रत्न पहिल्याच दिवशी ओळखले होते" असा लेख लिहिला, त्यांना माझ्या बाल्कनीतले कपड्यांचे चिमटे द्यावेत. लाकडी आहेत, चांगले आहेत. सोबत चिठ्ठी नको. हयात नसतील तर चिमटे घरातच वापरावेत.

वकीलबाई म्हणाल्या, हे कलम काढून टाकू या. मी म्हटलं, बाबांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला होता, आणि ते गेले तेव्हा तो पाकिटातच होता. मग त्यांनी कलम राहू दिलं.

कलम पाचवं. आईबद्दल

हे कलम कुणाला काही देत नाही. पण पुढची दोन कलमं याच्याशिवाय समजणार नाहीत.

चित्रपटात आवाज आधी टेप करतात आणि मग त्याबरहुकूम चित्रं काढतात. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माझा आवाज सहाव्या वर्षी टेप झाला आणि चित्रं काढायला पुढे पाच वर्षं लागली. बाबा दिवसभर त्या सहा वर्षांच्या मुलीला ऐकत. तिचा श्वास कुठे थांबतो, शब्दाआधी ती ओठ कसे ओलावते, सगळं त्यांना पाठ होतं. मधे त्यांना दोन नवी वाक्यं हवी झाली. मी पुन्हा कपाटात गेले. दात पडून नवे आले होते, आवाज भरला होता. मी मनापासून बोलले. बाबांनी ऐकलं, "छान" म्हणाले आणि मागे वळून जुन्या टेपांचे तुकडे जोडायला बसले. ती दोन वाक्यं त्यांनी तिच्याच शब्दांतून जुळवली. मला तिचा मत्सर वाटायचा हे मी कुणाला सांगणार? ती तर मीच.

आईचं भांडण वेगळं होतं. बाबांनी तिला गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा शेवट असा होता. पिल्लू एका बंद खिडकीशी येतं, "आई" म्हणून हाक मारतं. पडदा हलत नाही. चित्र तिथेच थांबतं.

आई म्हणाली, "म्हणजे? आई येत नाही?"

बाबा म्हणाले, "नाही."

"पोर हाक मारतंय आणि आई ओ देत नाही? कुठं बघितलीत अशी आई?"

"गोष्टीची गरज आहे ती."

"गोष्टीला काय कळतंय. मला विचारा." आणि ती उठली. "असलं चित्र मी बघायची नाही."

तरी पहिल्या दिवशी ती आम्हा दोघांना घेऊन गेली. मी अकरा वर्षांची होते. थिएटरात आमच्याशिवाय थोडेच लोक होते आणि त्यातलेही काही उठून गेले. बाबा आत बसलेच नाहीत. दाराशी उभे राहून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघत होते. मध्यंतरात आई त्यांच्याजवळ गेली.

बाबा तिला म्हणाले, "तू आत जा. पुढचं बघ."

"कुणाबरोबर बघू? खुर्च्यांबरोबर?"

"बघ तर खरं. शेवटपर्यंत बस."

आईने त्यांच्या कोपराला धरलं. "घरी चला," म्हणाली. आणि आम्ही चौघं घरी आलो. चित्रपट तो आठवडासुद्धा टिकला नाही. ज्यांनी पैसे घातले होते त्यांनी रिळं कुलपात टाकली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. ठळक अक्षरं, न हलणारी. तीन वर्षांनी एका दुकानासमोर शिडीवरून उतरून ते पायरीवर बसले आणि तिथेच गेले.

नंतर कितीतरी वर्षांनी एका टीव्हीवाहिनीला सुट्टीतल्या दुपारी दाखवायला स्वस्तातलं काही हवं होतं, म्हणून तो चित्रपट बाहेर निघाला. दुपारी घरात एकटी असलेली मुलं तो बघायला लागली. दरवर्षी बघायला लागली. ती मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना दाखवला. आता लोक पत्ता काढून आमच्या दाराशी येतात. आई त्यांना पाणी देते आणि दार लावते. मला म्हणते, "आता उमाळे आलेत. तेव्हा कुठे मेले होते सगळे?" एकदा एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "काय रडलो हो आम्ही शेवटी." आई म्हणाली, "रडणारच. रडवायलाच केलंय ते."

टीव्हीवर लागला की ती खोलीतून उठून जाते. बाबांचं नावही ती घेत नाही. मध्यंतरापुढचा एकही तुकडा तिने आजवर पाहिलेला नाही, ऐकलेला नाही.

कलम सहावं. आवाज

चित्रपटाचे हक्क आता एका मोठ्या कंपनीकडे आहेत. आवाजाच्या मूळ टेपा मात्र माझ्याकडे आहेत, आणि बाबांनी करारात एक ओळ घालून ठेवल्यामुळे आवाजात काहीही बदल करायचा तर माझी लेखी संमती लागते. ती ओळ बाबांना कुणी सुचवली माहीत नाही. त्यांना व्यवहार कळायचा नाही.

कंपनीला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, त्यांना दुसरा भाग काढायचा आहे आणि त्यात पिल्लाला माझाच आवाज हवा आहे. म्हणजे यंत्राला तो जुना आवाज शिकवायचा आणि मग त्याच्याकडून हवं ते बोलून घ्यायचं. दोन, त्यांना जुन्या चित्रपटाचा आवाज स्वच्छ करून नवी प्रत आणायची आहे.

धाकटा भाऊ म्हणतो, हो म्हण. त्याला लोभी समजू नये. आमचं यावर मोठं भांडण झालं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे कुणी त्याला बोल लावणार नाही.

तो म्हणाला, "ताई, तू त्या टेपांवर नागासारखी बसली आहेस. ना स्वतः खातेस, ना दुसऱ्याला देतेस."

मी म्हटलं, "ती सहा वर्षांची होती रे. तिने जेवढं म्हटलं तेवढंच म्हटलं. तिच्या तोंडी नवीन काही घालायला ती आहे कुठे?"

"तू आहेस ना."

"मी ती नाही. बाबांनी ऐकून खात्री केली होती."

तो म्हणाला, "तुला निदान बाबांनी पाच वर्षं ऐकलं. मला त्यांचा आवाजसुद्धा आठवत नाही. दुसरा भाग निघाला तर त्यांचं काहीतरी चालू आहे असं वाटेल मला."

  पाळण्याची चित्रं त्याला दिली आहेत, पण ते याचं उत्तर नव्हे.

तरीसुद्धा माझा निर्णय असा. यंत्राकडून त्या आवाजात एकही नवा शब्द बोलून घ्यायला माझी संमती नाही, माझ्या पश्चातही नाही. माझ्यानंतर टेपा भावाच्या ताब्यात जातील, पण सांभाळण्यासाठी, देण्यासाठी नाही. दुसरा भाग काढायचा असेल तर त्यांनी खुशाल काढावा. आज कुठेतरी एखादी सहा वर्षांची असेलच. तिला विचारावं, आणि तिच्या वडिलांनी हेडफोन काढून तिचं ऐकावं.

जुन्या चित्रपटातली धूळ-खरखर काढायला हरकत नाही. मात्र कंपनीच्या पत्रात "शेवटी ऐकू येणारा अनाहूत आवाज काढून त्या जागी नामवंत अभिनेत्रीचा आवाज घालणे" असं जे वाक्य आहे, त्याला माझा साफ नकार. तो आवाज अनाहूत नाही. का, ते पुढच्या कलमात.

कलम सातवं. हे आईला वाचून दाखवू नये

वकीलबाईंना स्पष्ट सूचना: मृत्युपत्राचं वाचन आईसमोर करावं, पण हे कलम, आणि वर याचा जिथे उल्लेख आहे तेवढं, सोडून. आईची नजर आता बारीक अक्षराला पोचत नाही, त्यामुळे वगळलेलं तिला कळणार नाही. धाकट्या, तुला मात्र हे इथे कळतंय. इतकी वर्षं तुला सांगितलं नाही म्हणून राग धरू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

चित्रपटाचा शेवट बाबांनी बदलला होता.

पडद्यावर जो शेवट आहे तो सगळ्यांना पाठ आहे. पिल्लू बंद खिडकीशी येतं, "आई, आई गं" अशी हाक मारतं. बराच वेळ काही हलत नाही. मग टेकडीपलीकडून, खूप लांबून, एक मोठा घोगरा आवाज येतो. "आले गं, आले." गवत झुकायला लागतं, झाडं झुकतात, गावातले सगळे पडदे एकदम आत उडतात, आणि संपतं. तो आवाज कुणाचा यावर लोक वाद घालतात. कुणी म्हणतं पुरुषाचा आहे, कुणी म्हणतं खऱ्या वादळाचा आहे. मीही तो प्रथम टीव्हीवरच ऐकला आणि मला काही ओळखू आला नाही.

पुढे एकदा टेपवाले काका आले होते. बाबांचे मित्र, तेव्हाचं सगळं ध्वनीचं काम त्यांनी केलं होतं. म्हातारे झाले होते, निरोप घ्यायलाच आले होते. त्यांनी खोक्यातून एक रीळ काढलं, जुन्या मशीनवर लावलं आणि म्हणाले, "हे मूळ वेगात ऐक."

आधी माझी हाक होती. "आई. आई गं." ते नाटक नव्हतं. त्या दिवशी कपाटाचं दार अडकलं होतं आणि मी अंधारात खरंच घाबरले होते. आणि मग भांडी वाजल्याचा आवाज, नळ बंद झाल्याचा आवाज, आणि स्वयंपाकघरातून माझ्या आईचा, तिशीतल्या आईचा आवाज. "आले गं, आले." पुढे धावत येणारी पावलं.

मायक्रोफोन चालू होता. बाबांनी ते रीळ तेव्हा "बिघडलेलं" म्हणून बाजूला टाकलं. मग केव्हातरी, आई त्या शेवटावरून भांडल्यानंतर, त्यांनी ते पुन्हा काढलं असणार. काकांनी सांगितलं, "दिवसभर तेवढंच लावून बसला होता. मग म्हणाला, हिचं खरं आहे, अशी आई नसते. आपण ते अर्ध्या वेगाने लावलं. बाईचा आवाज वाऱ्याएवढा झाला."

मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलं त्यांनी?"

काका म्हणाले, "तुझा बाप कधी काही सांगायचा का? दाखवायचा."

हे खरं आहे. बाबांचा तो नियमच होता. टेबलासमोरच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं, सांगायचं नाही, दाखवायचं. जे सांगावं लागतं ते चित्र फसलं, असं ते मानत. म्हणून ते दाराशी उभे राहून "शेवटपर्यंत बस" एवढंच म्हणाले. आणि आई त्यांच्यासाठीच तर उठली होती. चारच दिवसांत दाखवायला चित्रपटच उरला नाही. तीन वर्षं ते तिच्याबरोबर एका घरात राहिले, जेवले, पाट्या रंगवून दमून आले, आणि हे एक वाक्य त्यांच्याच्याने सांगवलं नाही. आज दाखवू, उद्या दाखवू. कुणीतरी रिळं परत देईल. तिला कळेलच.

मग मी का नाही सांगितलं? सांगायला गेले होते. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, बाबांच्या चित्रपटात शेवटी..." तिने सुरी खाली ठेवली. "त्या चित्रपटाने माझा माणूस नेला," म्हणाली, "आणि त्यात आईसुद्धा येत नाही." तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. इतकी वर्षं ती त्या रागाला धरून उभी आहे. तो मी असा दोन वाक्यांत काढून घेतला तर तिच्या हातात काय राहील? राग गेला की मागे फक्त बाबा नसणं उरेल. ते तिने सोसायचं तर निदान बाबांनी केलेलं बघत तरी सोसावं. त्यांनी तिला पत्र लिहिलं नाही, माफी मागितली नाही. गावातले सगळे पडदे तिच्या एका ओ देण्यावर उडवले. ते कानांवर पडून चालणार नाही, डोळ्यांनी बघायला हवं.

म्हणून मी असं लिहून ठेवते. माझ्या माघारी धाकट्याने वर्षातून एकदा आईला विचारावं, "पुढचं बघतेस का?" ती नाही म्हणाली तर चहा करून द्यावा आणि विषय सोडावा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं. तिला सांगू मात्र नये. आणि ती आहे तोवर तो आवाज त्या जागेवरून कुणीही, कसल्याही स्वच्छतेसाठी, हलवू नये.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं आहे. ते माझंच आहे. खोडाखोड आहे तिथे मी आद्याक्षरं घातली आहेत.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, काचेच्या टेबलाशी.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, सकाळी, खिडकी उघडी.

लिहून देणार: (सही)

आम्ही दोघांनी, एकमेकांच्या आणि लिहून देणारीच्या समक्ष, तिला सही करताना पाहिलं. 

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा शिंपी (सही)
साक्षीदार दुसरी: शाळेच्या मुख्याध्यापिका (सही)

सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, असं वकीलबाईंनी बजावलं. म्हणूनच हे खाली लिहिते. मी मरायची वाट बघायची नाही. धाकट्याने हे एवढंच पान आईला आज संध्याकाळी वाचून दाखवावं.

आई, रविवारी दुपारी माझ्याबरोबर बस. मध्यंतरापासून पुढचं लावते, तू जिथे उठलीस तिथून. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. गुडघे धरतात, एवढा वेळ बसवत नाही. डोळ्यांना आता दिसतं कुठे. मेलेल्या माणसाचं काय बघायचं. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे कसले डोहाळे. सगळं कबूल. तू नाहीच म्हणणार, आणि मी पुन्हा विचारणार नाही, कारण कदाचित मला विचारता येणार नाही.

तरी ये. दिवे घालवत नाही, दार उघडं ठेवते. आवडलं नाही तर मधे बोल, शिव्या दे, धाकट्याला भाजी निवडायला बसव. फक्त शेवटी ती पोरगी तुला हाक मारेल, तेव्हा उठून जाऊ नकोस.